सपाट वाटेवरचा विसावा

छकुले,

तू रात्री पाठवलेला आवाजातला निरोप मी दोनदा ऐकला. पहिल्यांदा नुसता आनंद झाला. माझी धाकटी बहीण पुण्याहून येणार, अख्खा ऑक्टोबर माझ्याकडे काढणार आणि ज्या वाटेबद्दल मी तुला वर्षानुवर्षं फोनवर सांगत आले, ती केटी ट्रेल स्वतःच्या पायांनी चालणार! सकाळी चहा घेताना तो पुन्हा लावला, तेव्हा शब्दांमागचा सूर कानात शिरला. ''सेंट चार्ल्स ते क्लिंटन, ३६२ किलोमीटर, बारा दिवस, रोज तीस. तक्ता तयार आहे, ताई.'' गेली दोन वर्षं याच सुरात तू म्हणत होतीस, ''एवढं झालं की मोकळी होते बघ.'' मोकळी काही झाली नाहीस. शेवटी अंगानंच हात टेकले, तेव्हा कुठं तू तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेतलीस.

म्हणून आज निवांत बसून लिहिते आहे. वाट कशी आहे, कुठं राहायचं, काय बरोबर घ्यायचं, सगळं सांगते. पण मला कुणी न सांगितलेली एक गोष्ट तुला आधी सांगते. सपाट वाट घाटाच्या वाटेपेक्षा जास्त दमवते. घाट तुला थांबवतो. सपाट वाट कधीच थांबवत नाही.

ही वाट मुळात आगगाडीची. मिझुरी-कॅन्सस-टेक्सस रेलरोड असं लांबलचक नाव होतं तिचं. त्यातल्या के आणि टी या दोन अक्षरांवरून लोक तिला लाडानं 'केटी' म्हणू लागले. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, मिझुरी नदीच्या उत्तर काठानं, एका बाजूला चुनखडीचे उंच कडे आणि दुसऱ्या बाजूला नदीच्या गाळाची शेतं, असे तिचे रूळ गेले होते. वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं, शेतकऱ्याला धान्य चढवायला जागा लागायची, म्हणून दर काही मैलांवर एक ठाणं आणि ठाण्याभोवती एक गाव उभं राहिलं. १९८६ साली कंपनीनं या मार्गावरच्या मोठ्या पट्ट्यातली वाहतूक बंद केली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत नदीला पूर आला आणि मार्ग आणखी मोडला. गाडी गेली, गावं मागं राहिली.

मग टेड जोन्स आणि त्यांच्या पत्नी पॅट जोन्स यांनी सुमारे २२ लाख डॉलर दिले आणि राज्यानं ही पट्टी घेऊन तिची पायवाट केली. एप्रिल १९९० मध्ये रोचपोर्ट नावाच्या चिमुकल्या गावाजवळ पहिला टप्पा खुला झाला. त्याच वर्षी टेड जोन्स वारले. त्यांनी पाहिला तो एवढाच, जेमतेम आठ किलोमीटरचा तुकडा. आज ही वाट सुमारे ३८६ किलोमीटर आहे. १९९३ च्या महापुरानं नव्यानं बांधलेल्या वाटेचा मोठा भाग उखडला, तो पुन्हा बांधला. युनियन पॅसिफिक कंपनीनं सेडेलियापासून क्लिंटनकडचा पट्टाही दिला. तू पाय ठेवशील तेव्हा हे एवढं मनात असू दे.

आता सपाटपणाचं सांगते. पोलादी चाक पोलादी रुळावर घसरतं, त्याला तीव्र चढ झेपत नाही. म्हणून रेल्वे बांधणाऱ्यांनी जिथं टेकडी आली तिथं ती कापली, जिथं खोलगट आलं तिथं भराव घातला आणि जिथं जमलं तिथं सरळ नदीचा हात धरला. रूळ निघाले तरी ती समपातळी तशीच राहिली. वर बारीक कुटलेली चुनखडी दाबून बसवली आहे. पांढरट, घट्ट, पायाला गोड. सेंट चार्ल्सपासून बूनव्हिलपर्यंत तर वाट नदीच्या खोऱ्यातून जाते, चढ असा जाणवतच नाही. पहिल्या दिवशी वाटतं, ही काय, मी जन्मभर चालेन!

मलाही तसंच वाटलं होतं. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्टेंबरअखेर होती, मी एकटी निघाले होते. मार्थाझव्हिलहून हर्मनला एका दिवसात पोचायचं असा हट्ट धरला. मकिट्रिकपर्यंत ३७ किलोमीटर, तिथून नदी ओलांडून आणखी तीनेक. ट्रेलोरला दुपारच्या आधीच पोचले, पाय हलके होते. तिथं बाकावर एक म्हातारा शेतकरी बसला होता. त्यानं विचारलं, ''थांबणार ना थोडी?'' मी हसून हात हलवला आणि पुढं गेले. ट्रेलोर ते मकिट्रिक २६ किलोमीटर. मक्याची कापणी चालू होती, ऊन उतरलं नव्हतं, वाट नाकासमोर सरळ. दर पाऊल आधीच्या पावलासारखंच. तोच कोन, तीच टाच, तोच स्नायू. घाटात चढताना मांड्या भरतात, उतरताना गुडघे बोलतात, काम एका अवयवाकडून दुसऱ्याकडं जातं. इथं सगळा भार एकाच जागी, तासन् तास. दुखत होतं, पण इतकं हळूहळू वाढत होतं की 'आता पुरे' म्हणायचा क्षणच आला नाही. संध्याकाळी बूट काढले तेव्हा दोन्ही टाचांची कातडी सुटली होती आणि नडगीत अशी कळ मारत होती की रात्रभर पाय उशीवर ठेवून बसले. ती वारी तिथंच संपली. पुढचे पाच आठवडे मला धड जिना उतरता येत नव्हता.

त्या पाच आठवड्यांत मी पायांपेक्षा जास्त स्वतःचा विचार केला, छकुले. तुझ्याशी कधी बोलले नाही. मुलं लहान होती, नोकरी होती, आई तिकडे आजारी होती. माझ्या आयुष्यात तेव्हा कुठला मोठा घाट नव्हता. संकट म्हणावं असं काही नव्हतं. रोजचं रोज, सारख्या पातळीवर, बिनबोभाट चालू होतं. म्हणूनच मी कधी बसले नाही. माणूस घाटात दमला तर लोक पाणी देतात. सपाटीवर दमलेल्याला कुणी विचारत नाही. तो स्वतःही विचारत नाही. तुझी ही दोन वर्षं मला तशीच दिसतात.

तुला आठवतं, बाबा वारीला जाऊन आले तेव्हा पाय चेपून घेताना काय सांगत होते? माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते, जवळपास अडीचशे किलोमीटर, आणि त्याला जवळजवळ तीन आठवडे घेते. जोरात चालणारा माणूस नऊ-दहा दिवसांत पोचेल. पण पालखीचे मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले. सकाळचा विसावा, दुपारचा नैवेद्य, पुण्यात थांबायचं, दिवेघाट चढून सासवडला पुन्हा थांबायचं. दमलो म्हणून कुणी बसत नाही, विसाव्याची जागा आली म्हणून बसतात. ऐंशी वर्षांची म्हातारी डोक्यावर तुळस घेऊन पंढरपूरला पोचते ती या शहाणपणामुळं. विसावा हा चालण्यातला खंड नव्हे, तो चालण्याचाच भाग.

आता गंमत बघ. सेंट चार्ल्स ते बूनव्हिल हे अंतर सुमारे २४५ किलोमीटर भरतं. म्हणजे वारीएवढंच! माझं ऐक, क्लिंटन या खेपेला सोड. बूनव्हिलपर्यंत चाल, सतरा-अठरा दिवस घे. बूनव्हिलनंतर वाट नदी सोडून मोकळ्या माळावर जाते, तिथं लांब लांब चढउतार आहेत. तो भाग पुढच्या वर्षी आपण दोघी मिळून करू.

पहिले तीन दिवस मी गाडी घेऊन तुझ्याबरोबर असेन. पहिल्या दिवशी दहा किलोमीटर, बस. पाय कितीही हलके वाटोत, बस. दुसऱ्या दिवशी वेल्डन स्प्रिंगपर्यंत. तिसऱ्या दिवशी डिफायन्सवरून ऑगस्टा. ऑगस्टा वाटेपासून जरा वर टेकाडावर आहे. जर्मन लोक येऊन वसलेलं, द्राक्षमळ्यांचं गाव. १९८० साली अमेरिकेच्या सरकारनं द्राक्षांचा प्रदेश म्हणून अधिकृत ओळख दिली ती सगळ्यांत आधी याला. तिथं वरून खाली नदीचं खोरं बघत बस. चौथ्या दिवशी मार्थाझव्हिल, १८ किलोमीटर. तिथून मी जे एका दिवसात केलं ते तू दोन दिवसांत करायचंस. ट्रेलोरला रात्रीची सोय मिळाली नाही तर मी न्यायला येईन आणि सकाळी पुन्हा तिथंच सोडेन. त्यात काही कमीपणा नाही.

हर्मनला दोन रात्री. मकिट्रिकहून पुलावरून चालत जायचं, पुलावर पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी कडेची पट्टी आहे. हर्मन नदीच्या दक्षिण काठावर आहे, आणि या दक्षिण काठावरून आजही आगगाडी धावते. सेंट लुईसहून कॅन्सस सिटीला जाणारी अ‍ॅमट्रॅक हर्मनला थांबते, जेफरसन सिटीला थांबते, सेडेलियालाही थांबते. हे तुझ्यासाठी महत्त्वाचं. पाय दुखला तर हर्मनला गाडीत बस आणि जेफरसन सिटीला उतर. चालून चार दिवसांचं अंतर गाडीनं तासाभरात जाशील. तिथं मी भेटेन. पायी करायचे ६८ किलोमीटर राहिले म्हणून डोळ्यांत पाणी आणायचं नाही.

हर्मननंतर पोर्टलंड, मोकेन, टेबेट्स. या पट्ट्यात गावं म्हणजे चार घरं, एक चर्च आणि धान्याचा कोठार-मनोरा. टेबेट्सला एका जुन्या इमारतीत वाटसरूंसाठी साधा मुक्काम आहे, दुमजली खाटांचा. तिथं एक रात्र राहाच, पण आधी फोन करून. मग जेफरसन सिटी, म्हणजे राज्याची राजधानी. तिथंही नदीच्या पुलावरून चालत जाता येतं. तिथं दुसरा मोठा विसावा. पुढं हार्ट्सबर्ग १७ किलोमीटर. ऑक्टोबरात तिथं लाल भोपळ्यांची जत्रा भरते, एरवी शांत असलेलं गाव त्या दिवसांत माणसांनी फुलून जातं. हार्ट्सबर्गनंतर मकबेनला आलीस की तू घरी आलीस असं समज. तिथून केटीचीच एक फाट्याची जुनी वाट थेट माझ्या कोलंबियात येते. दोन रात्री माझ्याकडे, गरम वरणभात, आणि पाय कोमट मिठाच्या पाण्यात.

मकबेनजवळ शेतात एकटाच उभा असलेला ओकचा महावृक्ष आहे, सुमारे चारशे वर्षांचा. म्हणजे आपल्याकडे शिवबांचा जन्म झाला त्या सुमाराला हा रोपटं असेल. दुष्काळ पाहिले, महापूर पाहिले, २०२० साली वीज पडून आतून जळाला, तरी उभा आहे. मी कंटाळले की त्याच्याजवळ जाते. नुसती उभी राहते. तूही जा.

रोचपोर्टच्या आसपासचे कडे हा या वाटेचा गाभा. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला सरळ चढलेली चुनखडी, वर गिधाडांसारखे मोठे पक्षी गिरक्या घेताना, कधी पांढऱ्या डोक्याचा गरुड. शोधयात्री लुइस आणि क्लार्क १८०४ च्या मे महिन्यात सेंट चार्ल्सहून याच नदीनं वर निघाले. जूनमध्ये ते इथून गेले तेव्हा क्लार्कनं कड्यावर मूळच्या लोकांनी काढलेली चित्रं पाहून नोंदवून ठेवली. पुढं रेल्वेसाठी कडे फोडले त्यात त्यातली बहुतेक गेली. जे गेलं त्याचाही मान ठेवून चाल. ही भूमी आधी ओसेज आणि मिझुरिया लोकांची. नदीचं आणि राज्याचं नावही या मिझुरियांवरूनच आलं. गावाजवळ एक बोगदा आहे, १८९० च्या दशकातला, २४३ फूट लांब. त्यात शिरल्यावर आवाज द्यायचा मोह होतोच. दे.

आता पोटापाण्याचं आणि अंगाचं.

बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे घे आणि पुण्यातच महिनाभर वापरून मऊ कर. चालताना पाय फुगतात. मोजे सुती नकोत, ओल धरतात. निघण्याआधी टाचांना आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन चोळायचं. दर तासाला दहा मिनिटं बसायचं, बूट-मोजे काढून, पाय उघडे करून. तासाचा गजर लाव. दुखत नसलं तरी बसायचं, हेच माझं सगळ्यांत मोठं सांगणं. कुठं टाचेला गरम वाटलं की तिथल्या तिथं चिकटपट्टी लाव, 'पुढच्या गावात बघू' म्हणू नकोस.

पाणी तीन लिटर बरोबर हवंच. दोन गावांमधे कित्येक तास नळ दिसत नाही, आणि गावात दुकान असेलच, उघडं असेलच असं नाही. लिंबू, साखर, मीठ एका डबीत कालवून ठेव. खायला दशम्या कर. दुधात भिजवलेल्या, तीन दिवस टिकतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, कोरडी चटणी. इथल्या खेड्यांतली माणसं प्रेमानं वाढतील, पण शाकाहारी माणसाला चीज सँडविच आणि बटाट्यापलीकडं फारसं काही मिळत नाही. ते आनंदानं खा आणि वर चटणी लाव.

इथं गोचीड फार. वाटेच्या मधून चाल, गवतात बसू नकोस, फिकट रंगाची पूर्ण पँट घाल म्हणजे चढताना दिसतात. संध्याकाळी आंघोळीच्या वेळी काखा, गुडघ्यांची मागची बाजू, केसांची मुळं नीट तपास. आणि एक वनस्पती ओळखून ठेव, पॉयझन आयव्ही. तिलाही पानं तीनच, आपल्या पळसासारखी. पण पळसाच्या पानावर आपण जेवलो, हिला नुसता हात लागला तरी अंगावर पाणी भरलेले फोड येतात. शरदात ती सुंदर लाल होते, म्हणून तोडायचा मोह होतो. तीन पानांचं काही दिसलं की हात मागं.

सायकलवाले खूप भेटतील. इथं उजव्या बाजूनं चालायचं. आपल्याला डाव्या बाजूची सवय, पहिले दोन दिवस ते मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं. मागून ''ऑन युअर लेफ्ट'' असा आवाज आला की तो तुझ्या डावीकडून पुढं जाणार आहे, तू डावीकडे सरकायचं नाहीस. मी एकदा सरकले आणि एक भला माणूस सायकलसकट गवतात गेला. दोघांनाही लागलं नाही, पण माझा जीव भांड्यात पडायला बराच वेळ लागला. वाट सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच खुली असते. ऑक्टोबरात साडेसहाच्या आसपास अंधार पडतो, म्हणून चारला मुक्कामी असायचं. वाटेवर तंबू ठोकायला परवानगी नाही, त्यासाठी गावांमधे वेगळ्या जागा आहेत. दर सकाळी निघताना आणि दर संध्याकाळी पोचल्यावर मला फोन. मधे मोबाईलला रेंज जाते, म्हणून आजचा मुक्काम कुठं, हे मला कागदावर माहीत हवं. बाईमाणसानं एकटीनं चालणं इथं नवलाचं नाही. मला भेटलेली माणसं चांगलीच भेटली. तरी एखाद्या ठिकाणी मन 'नको' म्हणालं तर मनाचं ऐक, कारण विचारत बसू नकोस.

आणि शेतकऱ्यांना हात कर. त्यांच्या शेतात पाऊल टाकू नकोस. या वाटेवर त्यांचाही एक सल आहे. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी रेल्वेला जमिनीतून जायचा हक्क दिला होता, फिरायला येणाऱ्यांना नाही. गाडी बंद झाली, म्हणजे जमीन आपल्याकडं परत यायला हवी, असं अनेकांचं म्हणणं होतं. ते कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. नुकसानभरपाईचे दावे कितीतरी वर्षं चालले.

इथंच ती गोष्ट येते जी मला तुला खरं म्हणजे सांगायची होती. अमेरिकेच्या कायद्यात १९८३ साली एक दुरुस्ती झाली. रेल्वे कंपनीनं मार्ग 'सोडून दिला' की जायचा हक्क संपतो आणि पट्टी तुकड्या-तुकड्यांनी मोडते. पण भविष्यात कधी गरज पडली तर पुन्हा गाडी धावू शकेल म्हणून मार्ग राखून ठेवला आणि तोवर त्यावर माणसांना चालू दिलं, तर तो सोडला असं कायदा मानत नाही. याला रेलबँकिंग म्हणतात. १९९० मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानंही हा कायदा वैध ठरवला. केटी ट्रेल या कायद्यावर उभी आहे. रूळ निघाले, शिट्ट्या थांबल्या, चाळीस वर्षं होत आली. तरी कागदावर हा मार्ग जिवंत आहे. थांबला आहे, सोडलेला नाही.

तुझ्या रजेबद्दल तू परवा म्हणालीस, ''ताई, एकदा थांबले की मी संपले.'' तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतंय. थांबणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं. तुझ्या कामावरचा तुझा हक्क, तुझी हुशारी, बारा वर्षं तू घातलेला भराव आणि बांधलेले पूल, तीन महिन्यांत कुठं जात नाहीत. त्यांच्यावरून तोवर जरा पायी चाल.

मला यात आपली शकुंतलाही आठवते. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी, अरुंद रुळांची, कापसासाठी बांधलेली. दारव्ह्याच्या आजोळी आपण तिच्यातूनच जायचो. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. तू तेव्हा एवढीशी होतीस, खिडकीतून कोळशाची कुसळं डोळ्यांत जायची म्हणून मी तुझ्या डोळ्यांवर ओढणी धरायची. तीही थांबली आहे. तिच्या काठचे लोक आजही म्हणतात, आम्हाला गाडी हवी, आणि ते अगदी बरोबर आहे. तिथं कुणाला फिरायची वाट नको आहे, दवाखान्याला आणि बाजाराला जायला गाडी हवी आहे. म्हणून मी म्हणते, राखून ठेवणं महत्त्वाचं. पट्टी शाबूत राहिली तरच उद्या गाडी येईल.

बूनव्हिलला शेवटच्या दिवशी नदीवरचा जुना रेल्वेपूल दिसेल. १९३२ सालचा. त्याचा मधला ४०८ फुटांचा भाग बोटींना वाट द्यायला अख्खाच्या अख्खा वर उचलला जायचा. पूल मोडून पोलाद दुसरीकडं न्यायचं ठरलं होतं. लोक अनेक वर्षं भांडले, कारण पूल तुटला तर मार्गाची सलगताच तुटेल, ही भीती होती. शेवटी पूल वाचला. २०१६ पासून त्याच्या एका टोकाकडच्या भागावर चालत जाता येतं. तिथं जाऊन बस. खाली नदी जोरात वाहते, वर तो भला मोठा सांगाडा काहीही न करता उभा असतो. मी तिथं तुझी वाट बघेन, थर्मासमधे आल्याचा चहा घेऊन.

एक शेवटचं. वाटेवर मैलाचे खांब आहेत, रेल्वेच्याच मोजणीचे. त्यामुळं सेंट चार्ल्सला तू पहिलं पाऊल टाकशील तेव्हा आकडा शून्य नसेल, ३९ आणि अर्धा असेल. रेल्वेनं मोजणी कधीच आधी सुरू केली होती. तू ही रजा शून्यापासून सुरू करत नाहीस, छकुले. कितीतरी मैल मागं टाकून आली आहेस.

तेव्हा तो तक्ता आज पुन्हा कर. या वेळी आधी विसावे लिही, मग त्यांच्या मधल्या जागेत किलोमीटर भर. आणि झाला की मला पाठव, मी त्या तारखांना गाडी मोकळी ठेवते.

तुझी,
ताई